भर उन्हातली भयकथा
इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, तेव्हा मला सगळ्यांत जास्त आवडल्या त्या तिकडच्या शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या भयकथा. एकाकी मोठं घर, त्यात कायम कुलूप असलेली खोली, आणि आतून आवाज येतोय हे कबूल न करणारा घरमालक. शिकवताना आमच्या मॅडम म्हणायच्या, "यात भूत महत्त्वाचं नाही. सगळ्यांना ऐकू येतंय आणि कोणी बोलत नाही, ते महत्त्वाचं."

पुढे तिथंच, संभाजीनगरला, मी ॲनिमेशन शिकले. शेवटच्या वर्षी हवामान बदलावर छोटी फिल्म करायची होती. बाकीचे वितळणारे बर्फाचे डोंगर काढायला बसले. मला मॅडमचं वाक्य आठवलं, कारण मी राहत होते तिथं तेच चाललं होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मी आणि माझी सिल्लोडची मैत्रीण हर्सूलच्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायचो. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. बोअर नुसती हवा ओढायचा, घरघरायचा. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटला कोणता रंग द्यायचा यावर तासभर वाद व्हायचा. पार्किंगच्या फरशीखाली जुनी विहीर बुजवलेली आहे, हे वॉचमनसकट सगळ्यांना ठाऊक होतं. विषय कोणी काढत नव्हतं.

गोष्ट एका झटक्यात सुचली. नवा बंगला, त्याखाली बुजवलेली विहीर, बोअरच्या पाइपातून येणारा श्वास. मालक ऐकत नाही, बोअर आणखी खोल नेतो, आणि घर दरवर्षी वीतभर खचत जातं. चित्रं मात्र मी पुस्तकातली काढली. मनोरे, वटवाघळं, खिडकीशी दाटलेलं धुकं. तीन महिने खपून तयार केलेला भाग बी.ए.च्या त्याच मॅडमना नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे मी आधी पाहिलंय." मी घरी येऊन दोन दिवस कॉम्प्युटर उघडला नाही.

आमचं घर मेंढपाळांचं. त्याच उन्हाळ्यात आमची माणसं मेंढरं घेऊन गंगापूरकडून हर्सूलच्या तलावावर आली. तलाव आटला होता, पण कडेला थोडं गवत टिकून होतं. माय दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. टेबलावरची चित्रं तिनं एकेक करून पाहिली.

"ह्यो धूर कशाचा गं?"

"धुकं आहे माय. बघणाऱ्याला भीती वाटावी म्हणून."

"धुक्याची कसली भीती? धुक्यात वल असती. मेंढरं चाटून घेत्यात गवतावरची." मग चित्र खाली ठेवून म्हणाली, "भ्या वाटतं ते उजेडाचं. दुपारी ये तळ्यात, दाखविते."

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता मी तिच्यामागून तलावाच्या तळात उतरले. पायाखाली चिखलाचे पापुद्रे करकर मोडत होते. सावली कुठंच नव्हती. मेंढ्या गोल करून उभ्या होत्या आणि प्रत्येकीनं डोकं दुसरीच्या पोटाखाली घातलं होतं. शंभरेक जनावरं, पण एकीचंही तोंड दिसत नव्हतं. एवढ्या लख्ख उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी मायचा हात धरला.

"वाटलं ना भ्या?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. येताना त्या तळातला चिखल पिशवीभर आणला.

जुनं सगळं टाकून दिलं. काचेवर भिजवलेला चिखल, खाली दिवा. बोटांनी चित्र करायचं, फोटो घ्यायचा, केसभर सरकवायचं, पुन्हा फोटो. चिखल ओला ठेवायला रोज एक पेला पाणी आम्ही आमच्या वाट्यातून बाजूला काढायचो. तरीही दिव्याच्या उष्णतेनं तो वाळायचा आणि बंगल्याच्या भिंतीला तडे जायचे. पहिला तडा गेला तेव्हा मी रडकुंडीला आले. मैत्रिणीनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाली, "रैन दे ना. घर खुदच फट रा, अच्छाच है." तडे आम्ही पुसले नाहीत. फिल्ममधला बंगला खरोखरच आमच्यासमोर फुटत गेला.

विहिरीच्या श्वासाला मात्र आवाज सापडेना. मैत्रिणीनं पंखे, पंप, कुकर, सगळं रेकॉर्ड करून पाहिलं. शेवटी पुन्हा राहायला आलेल्या मायनं स्वयंपाकघरातली रिकामी घागर उचलली, तिच्यात तोंड घातलं आणि आत हळूहळू श्वास ओढला. हाच तो आवाज होता. मग भिंतींना गोधड्या लावल्या आणि तिला चार दिवस श्वास घ्यायला लावला. मध्येच टँकरचा हॉर्न वाजला की माय घागर घेऊन खाली पळायची आणि ती भरून यायची. मग रेकॉर्डिंगसाठी पुन्हा रिकामी करावी लागायची.

फिल्म नऊ मिनिटांची झाली. शहरातल्याच एका महोत्सवात ती निवडली गेली. हॉल भरला होता. पडदा भर दुपारच्या उन्हासारखा एकदम पांढराशुभ्र झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी डोळ्यांवर हात धरले. मग श्वास सुरू झाला. कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. संपल्यावर टाळ्यांनी हॉल दणाणला. मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

आम्हाला तिघींनाही स्टेजवर बोलावलं. निवेदकानं मायला विचारलं, "मावशी, फिल्ममध्ये तुमचं काम काय?"

"मी इहीर हाय," माय म्हणाली.

पुन्हा टाळ्या. तेवढ्यात मागून एका गृहस्थांनी विचारलं, "पण भुताखेतांच्या गोष्टींनी पाऊस पडतो का?"

माय जराही गडबडली नाही. "पाऊस नाय पडत, दादा. पण तुमी आत्ता नऊ मिन्टं गप बसून ऐकलं."

त्या दिवशी पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. पण मला त्याहून मोठी वाटली ती नंतरची रांग. ओळखीची ना पाळखीची माणसं येऊन सांगत होती, आमच्या दुकानामागं एक विहीर होती, आमच्या शाळेच्या मैदानात एक होती. मैत्रिणीनं कार्यक्रमपत्रिकेच्या मागं त्या लिहून घेतल्या, कागद संपला तेव्हा तळहातावर.

चौथ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी दार वाजवलं. "ती फिल्म मीटिंगमध्ये दाखवाल का?" त्यांनी विचारलं. दाखवली. गेटच्या रंगाचा विषय निघालाच नाही. महिनाभरात पार्किंगची फरशी फोडली. पहिला घाव सेक्रेटरींनीच घातला. गाळ उपसायला तीन आठवडे लागले. खाली घडीव दगडांचं बांधकाम लागलं आणि सगळी बिल्डिंग काठावरून वाकून बघायला लागली. मैत्रिणीनं दोरीला माइक बांधून आत सोडला, कानाला हेडफोन लावला, आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याची टिपटिप ऐकून तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. मग तिनं तो हेडफोन आधी, विहीर बघायला आलेल्या मायला दिला.