वखारीतलं पस्तान

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, देवीला चालत जायचं नव्हतं. देवीला चालत निघालेला माणूस म्हणून लोकांनी आपल्याकडे बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे मी आज बोलते आहे. तेव्हा बोलले असते तर त्याच पावली माहेरची वाट धरावी लागली असती.

नवस खरं तर आत्याबाईंचा, माझ्या सासूचा. माझा नवरा बारा वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ताप हटेना, तेव्हा त्या माउलीनं देवापुढं पदर पसरला. पोर उठू दे, वणीच्या गडावर अनवाणी चालत येऊन तुझी ओटी भरीन, म्हणाल्या. पोर उठलं. सातवी झालं, पिंपरीला नुकत्याच निघालेल्या औषधाच्या कारखान्यात लागलं, रोज सायकलनं चाकण-पिंपरी करायला लागलं, माझ्याशी लग्नही केलं. नवस मात्र होता तिथंच. बाईनं नवऱ्याच्या होकाराशिवाय यात्रेला निघायचं नाही, आणि मामंजींचा होकार दर चैत्रात कुठंतरी अडायचा. एका साली विहिरीचं काम, दुसऱ्या साली भावकीतलं लग्न, तिसऱ्या साली स्वतःचा गुडघा. घोडं कुठंही पेंड खायचं. 'पुढच्या साली बघू' हे वाक्य मी सून म्हणून आले त्या वर्षापासून ऐकत होते, आणि माझ्या आधी ते पाच-सहा वेळा बोलून झालेलं होतं.

त्या हिवाळ्यात नवऱ्याला पुन्हा ताप आला. दहा-बारा दिवसांत उतरला, पण आत्याबाई मनातून पार खचल्या. एक दिवस चुलीपाशी मला म्हणाल्या, "सूनबाई, देवी आठवण करून देती. या चैताला न्हाई गेले, तर मी पोराच्या तोंडाकडं कशी बघू?" आणि खरंच, त्या दिवसापासून लेकाला वाढताना त्या ताटाकडं बघायच्या, त्याच्याकडं नाही. पायातल्या वहाणा त्यांनी माळ्यावर टाकल्या आणि ढेकळांतून अनवाणी फिरून तळवे घट्ट करायला लागल्या.

यंदा मामंजी हो म्हणाले. का म्हणाले? तर त्यांचे चुलतभाऊ रेल्वेत बसून काशीला जाऊन आले होते आणि गावानं त्यांना हार घातले होते. ते हार मामंजींच्या डोळ्यांसमोरून हलेनात. बायकोच्या अकरा वर्षांच्या हुरहुरीनं जे झालं नाही, ते झेंडूच्या दोन माळांनी केलं.

गावातली वीसएक माणसं बुधवारी सकाळी निघणार होती. मामंजींनी लगेच जोशीबुवांना गाठलं. बुवांनी पंचांग उघडलं आणि बुधवारी उत्तरेला दिशाशूळ असल्याचं सांगितलं. वणी चाकणच्या उत्तरेला. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही. आईकडं जायला कसला मुहूर्त, म्हणाले. पण यावर आमच्याकडं जुना तोडगा आहे, पस्तान ठेवणं. चांगल्या वेळेला आपलं गाठोडं घराबाहेर काढून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. गाठोडं गेलं की झालं, माणूस आपल्या घरी जेवतो-झोपतो. बुवांनी सोमवार संध्याकाळची वेळ दिली आणि एक नारळ, एक उपरणं पाठवून द्या म्हणाले.

मामंजींना ते कुठलं पटायला! "गाठोडं ठिवायचं ते ऐऱ्यागैऱ्यांनी. आमी सोता जोडीनं पस्तानाला बसणार. एकदा उंबरा वलांडला की देवीचं दर्शन झाल्याबिगर घरात पाऊल न्हाई. पाऊल पडलं तर यात्रा मोडली." नियम थोडाफार जुनाच होता, त्याला एवढी धार मात्र मामंजींनी लावली. मग आठ दिवस हा नियम त्यांनी पारावर, न्हाव्याकडं, बाजारात, भेटेल त्याला ऐकवला. जोशीबुवांकडून चारचौघांत दोनदा वदवूनही घेतला.

आता प्रश्न पडला, दोन रात्री राहायचं कुठं. असा शोध कुणी मुलीसाठी स्थळ बघतानाही करत नसेल. काशीवाल्या चुलतभावांचं घर उत्तरेलाच, ऐसपैस, आणि ते आपणहून बोलवायला आले होते. पण त्यांच्या ओसरीवर बसायचं म्हणजे त्यांचा मोठेपणा मान्य केल्यासारखं. ते रद्द. मारुतीच्या देवळात येणारे-जाणारे कुणीही पसरतात, म्हणून देऊळ रद्द. नणंद रस्त्यापलीकडच्या वाडीत दिलेली, ती आनंदानं ठेवून घेती. पण तिला अजून मूल नव्हतं, आणि नातवंड झाल्याखेरीज लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आणखी एक नियम. स्वतःला अडचणीत टाकणारे नियम या माणसाला तोंडपाठ होते.

आत्याबाईंनी त्या आठ दिवसांत एकदाच तोंड उघडलं. नाशिक रस्त्याला गावाच्या शेवटी त्यांची एक मैत्रीण राहायची, भाजी विकून पोट भरणारी विधवा बाई. तीही गडावर निघाली होती. "तिच्या खोपटात राहू की. वाटंवरच हाय, सारवलेलं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी हसले. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून राग येतो. "खोपटातनं निघालेल्या माणसाला हार कोण घालतंय?" एवढं बोलून ते पान लावायला लागले.

शेवटी त्यांच्या पसंतीला काय उतरलं, तर एका अडत्याची कांद्याची वखार. चैत्रातली वखार! वर तापलेला पत्रा, खाली छातीएवढा कांद्याचा ढीग, आणि आत शिरलं की डोळ्यांना धार. पण पुढच्या बाजूला अडत्याची पेढी होती. पांढरी गादी, दोन तक्के, भिंतीवर आरसा. शिवाय बाजाराला आलेला प्रत्येक माणूस तिथून जायचा. अडत्याला आमचा कांदा दुसरीकडं जाऊ द्यायचा नव्हता, तो तोंडभरून या म्हणाला. मामंजींना वाटलं, आपल्या पुण्याईमुळं बोलावतोय.

सोमवारी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला स्वारी निघाली. घर ते वखार अंतर दोन फर्लांग, पण पुढं हलगी. मामंजींनी ट्रंकेतून काढून दिलेले कपडे आणि बाकीचं सगळं सामान आत्याबाईंनी बांधलं होतं. दंतमंजन, पानाची चंची, दशम्या, पाय चोळायला तेलाची बाटली, काही म्हणून राहिलं नव्हतं. चाळीस वर्षं या बाईच्या हातून त्यांची एक वस्तू विसरली नव्हती, हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून मला सगळं उशिरा कळलं.

वखारीत मामंजी गादीवर, तक्क्याला टेकून. लोक येऊन पाया पडतायत, हे आशीर्वाद देतायत. गडाची पायरी बघितली नाही, तोवर गडावरून आल्यासारखे. आत्याबाईंना जागा मागं, कांद्याच्या ढिगाला लागून, तरटावर. मंगळवारी दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर त्या लाल डोळ्यांनी बसलेल्या. म्हटलं, आत्याबाई, झोप लागली का? म्हणाल्या, "एकच रात राह्यली आता, पोरी." तक्रार नाहीच.

दुपारनंतर मामंजींना जरीच्या फेट्याची आठवण झाली. सकाळी लेझीम लावून गाव पोचवायला येणार, तेव्हा तो फेटा डोक्याला हवा. गाठोडं सोडलं, त्यात फेटा नाही. आत्याबाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या टरंकेत आसंल." ट्रंकेची किल्ली कायम मामंजींच्या करगोट्याला. ती किल्ली त्यांनी पोटच्या मुलाच्या हातात कधी दिली नव्हती, ती दुसऱ्या कुणाला देणार? म्हणजे जायचं तर स्वतःच.

मी परड्यात भांडी घासत होते. बघते तर मामंजी कुंपणाच्या कडेनं वाकून येतायत, पिकात शिरलेल्या ढोरासारखे. मागल्या दारानं आत घुसले. ट्रंक वाजली, कपडे उपसल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं घामेघूम होऊन बाहेर आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "फेटा कुठाय गं?" मी आत जाऊन पाहिलं. मागल्या दाराशी कणगी आहे, तिच्यावर फेटा होता. आत्याबाईंच्या जुन्या धुतल्या लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला. मी तो हातात दिला. ते तसेच, वाकून, निघून गेले.

संध्याकाळी मी जेवण घेऊन वखारीत पोचले, तेव्हा पेढीवर अडत्या होता, जोशीबुवा होते, उद्या निघणाऱ्यांतले सात-आठ जण होते. मामंजी फेटा बांधून आरशात बघत होते. आत्याबाई मागून पुढं आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या अशा पहिल्यांदाच आल्या असतील.

"फेटा गावला व्हय? कोण घिऊन आलं?"

मामंजी गडबडले. माझ्याकडं बघितलं. मी भाकरीचं फडकं सोडत बसले. खोटं बोलावं तर मी समोर, आणि किल्ली कमरेला. म्हणाले, "मीच गेलतो. मागल्या दारानं. उंबरा न्हाई वलांडला."

"जोशीबुवा," आत्याबाई म्हणाल्या, "मागल्या दारानं घरात गेलं तर ते घर न्हाई का?"

बुवांनी दोनदा खाकरून घेतलं. ज्या माणसांपुढं नियम सांगितला, त्यातलीच निम्मी समोर बसलेली. "तसं बघितलं तर… मोडलं म्हणावं लागेल," ते म्हणाले.

आणि मामंजींचा चेहरा काय झाला म्हणता? उतरला? छे! उजळला. दोन दिवसांत पाया पडून घेऊन झालं होतं, आशीर्वाद देऊन झाले होते, आता बारा दिवस उन्हात चालणं तेवढं उरलं होतं. सुस्कारा सोडून म्हणाले, "देवीची विच्छा. तिच्यापुढं कुणाचं चालतंय? चला, उचला सामान. पुढच्या साली बघू."

मला वाटलं, संपलं. ही बाई आता मुकाट्यानं तरट गुंडाळणार.

"मोडलं ते तुमचं," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "माझं कुठं मोडलंय? मी घरात पाऊल ठिवलं न्हाई. आता गडावर गेल्याबिगर मला घर न्हाई. तुमीच साऱ्या गावाला सांगितलंय."

अडत्या वही चाळायला लागला, बुवा आढ्याकडं बघायला लागले. मामंजींनीच विणलेलं जाळं, तक्रार कुणाकडं करणार? आत्याबाईंनी आपलं बोचकं उचललं, मला म्हणाल्या, "चल, मला पोचीव." आम्ही दोघी नाशिक रस्त्यानं त्या खोपटापर्यंत गेलो. मैत्रीण दारातच उभी होती. जमीन खरंच छान सारवलेली होती.

बुधवारी सकाळी आत्याबाई गेल्या. त्यांना कुणी हार घातला नाही. मामंजींनी पाठीत उसण भरल्याचं गावभर सांगितलं आणि फेटा आठ दिवस उतरवला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही.

सोळाव्या दिवशी त्या यष्टीनं परत आल्या. तळव्यांची सालपटं निघालेली, तोंड उन्हानं काळवंडलेलं. मी ऊन पाण्यात त्यांचे पाय घेतले आणि विचारलं, "आत्याबाई, फेटा ट्रंकेत आहे असं तुम्ही म्हणालात. तो कणगीवर कसा?"

"टरंकेत असता तर ह्यांनी गुपचीप आणला असता," त्या म्हणाल्या. "शोधाशोध झाली म्हंजी तू बघणार. कुणीतरी बघाय पायजे हुतं."

पाच वर्षं त्या घरात राहून, मी या बाईला भोळी समजत होते.

एवढ्यात नवरा शिफ्ट संपवून आला. सायकल भिंतीला लावून आत आला आणि आईला बघून दारातच थांबला. आत्याबाईंनी मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा, सरळ, बराच वेळ. माझे हात पाण्यातच राहिले.

आमचे हे म्हणाले, "जेवायला काय आहे?"