पोल्ट्रीत उबवलेलं विंगलेट

विश्रामबागच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी आणि माझ्या मैत्रिणीनं प्रोजेक्टसाठी विंगलेट घेतलं. म्हणजे प्रवासी विमानाच्या पंखाचं वर वळलेलं टोक. पंखाखालची दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर धावते, तिथं भोवरा होतो आणि तो विमानाला मागं ओढतो. टोक वर वळवलं की भोवरा मवाळतो, इंधन वाचतं. पण विंगलेटच जड झालं तर त्या वजनापायी वाचलेलं इंधन परत जातं. म्हणून आम्ही कार्बनचं कापड आणि ते कडक करणारं चिकट रेझिन घेऊन हातभर पंखाचं मॉडेल करायला बसलो.

थंडीचे दिवस. रेझिनला घट्ट व्हायला ऊब लागते; साच्यात ते काही केल्या सुकेना, बोट लावलं की चिकटायचं. त्यात कॉलेजची भट्टी बंद पडलेली. मैत्रीण रडकुंडीला आली. मला एकदम कवठे महांकाळची आत्या आठवली. तिची पोल्ट्री आहे. पिल्लांना ऊब द्यायचे बल्ब तिच्याकडे होते आणि शेड सध्या रिकामी होती.

साच्यासकट एसटीनं पोचलो. आत्या बघतच राहिली.

"अगं, पिल्लं यायच्या आधी नुसतं पंखच उबवाय आणलंस व्हय?"

"विमानाचे आहेत, आत्या."

"मग अंडं केवढं आसंल गं त्याचं!"

हसत हसत तिनं बल्ब लावले आणि दुपारभर दर थोड्या वेळानं डोकावत राहिली. संध्याकाळी मी टिचकी मारली. टण्! साच्यातून काढलेलं विंगलेट तिनं तळहातावर तोललं.

"लय हलकं हाय की! पापडच जणू."

चाचणीच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून कॉलेजात हजर. वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, आम्ही टोकामागं लोकरीचा धागा बांधला होता. साध्या पंखामागं तो गरागरा फिरला. विंगलेट लावल्यावर नुसता हळू डुलला. काट्यावर मोजलेली ओढही कमी आली. सर म्हणाले, "पुन्हा करा." पुन्हा केलं, तरी तेच. मैत्रिणीनं मला अशी मिठी मारली, की माझा चष्माच खाली पडला.

नंतर तिघी भेळ खायला गेलो. आत्यानं गाड्यावरूनच घरी आतोबांना फोन लावला.

"आवं, पोरींचं इमान पास झालं! न्हाई न्हाई, आक्खं न्हाई, नुसतं टोक. पर टोकच अवघड आसतंय म्हणं!"

आणि भेळवाल्याला म्हणाली, "पोरींना आणखी एकेक दे, तिखट कर."