मिस कॉर्डेलियाच्या तोंडून न निघणारा शब्द

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या चार्ल्स्टनात जुन्या घरांना तोटा नाही, आणि जुन्या घराण्यांना तर मुळीच नाही. मेझिक हे त्यातलंच एक. कॉर्डेलिया मेझिक हे त्या घराण्याचं शेवटचं फूल, तेही पुस्तकात दाबून वाळवलेलं. तिने लग्न केलं नाही. तोलामोलाचा पुरुषच गावात उरला नव्हता, असं ती सांगे. पुरुष काय सांगत, ते वेगळं.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती पाहुण्यांना डेव्हेरोंचं घर दाखवी. डेव्हेरो म्हणजे तिच्या पणजीचं माहेर. गळ्यात मोत्यांची माळ, हातांत पांढरे हातमोजे, आणि नाक इतकं वर की व्हरांड्याच्या छताला कोळ्याने जाळं विणलं तर ते आधी तिलाच दिसावं. पाहुणे बसमधून अर्ध्या चड्ड्यांत उतरायचे. ती म्हणायची, "या, या. उत्तरेकडे कापड महाग झालंय वाटतं." ते हसायचे. बिचाऱ्यांना वाटे, बाई थट्टेखोर आहे.

झुंबर कुठून आलं, यादवी युद्धात चांदीचे चमचे परसात कुणापासून लपवून पुरले, सगळं तिला मुखोद्गत. आणि मागच्या अंगणातल्या विटांच्या खोल्यांपाशी आली, की तिचा आवाज मधात बुडे. "इथे आमची नोकरमाणसं राहायची. फार जीव हो त्यांचा आमच्यावर."

फाटकावर तिकिटं फाडणारा लुशियस हे वर्षानुवर्षं ऐकत आलेला. त्याचे पूर्वज त्याच खोल्यांतले. तो एकदा म्हणाला, "जीव होता हे खरं, मिस कॉर्डेलिया. म्हणून तर काही जण तो घेऊन पळाले."

तिने ऐकलंच नाही. सोयीचा बहिरेपणा हा मेझिकांचा वडिलोपार्जित दागिना. बाकीचे विकले गेले, तो टिकला.

मग घर सांभाळणाऱ्या मंडळाने नवी प्रमुख नेमली, व्हर्नेल फ्रेझर. नदीपलीकडच्या बेटावरची, काळी, शिकलेली, आणि आवाज चढवायची गरज न पडणारी. तिने कॉर्डेलियाला बोलावून समोर गोड थंड चहा आणि तिळाची बिस्किटं ठेवली.

"मिस कॉर्डेलिया, आता 'नोकरमाणसं' म्हणायचं नाही. गुलाम म्हणायचं."

"अगं व्हर्नेल, तो शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही."

"उच्चारला नसेल. माणसं मात्र विकत घेतली होती. शुक्रवारी मी तुमच्याबरोबर फिरेन. तो शब्द जमला, तर घर दाखवायचं काम तुमचंच. नाही जमला, तर ते मी करेन."

"देव तुझं भलं करो गं," कॉर्डेलिया म्हणाली. आमच्याकडे ही शिवी आहे, आणि व्हर्नेलही आमच्याकडचीच. "तुमचंही," ती हसून म्हणाली.

कॉर्डेलिया घरी आली ती धसका घेऊनच. हे काम गेलं तर उरणार काय? भाड्याच्या दोन खोल्या आणि एक मांजर, तेही ऐकून न घेणारं. पाहुणे होते तोवर ती डेव्हेरोंची पणती. पाहुण्यांवाचून नुसती एक म्हातारी. म्हणून तिने आरशासमोर उभं राहून तालीम केली. आरशासमोर शब्द येई, जरा पुटपुटत, पण येई.

शुक्रवारी ओहायोची मंडळी आली. सगळ्यांच्या मागे व्हर्नेल, हाताची घडी घालून. झुंबर झालं, चमचे झाले, मंडळी विटांच्या खोल्यांपाशी पोचली. कॉर्डेलियाने मोती चाचपले.

"आणि इथे आमचे गुला..." जीभ टाळ्याला चिकटली. "गुला... गुलाबाची बाग आहे आमची इथे."

बागेत गुलाब औषधालाही नव्हता. सगळी कॅमेलियाची झुडपं. मंडळी माना वळवून गुलाब शोधू लागली. त्यांच्यातल्या एका जाड्या शेतकऱ्याला फुलांचं सोयरसुतक नव्हतं. तो दाराकडे बघत राहिला.

"अन् या खोल्या कुणाच्या, मॅम?"

"माळ्यांच्या."

"माळ्यांच्या? मग कडी बाहेरून का?"

कॉर्डेलियाने कडीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणी ठोकून गेलं होतं. "इकडे वारा फार असतो," ती म्हणाली.

फाटकापाशी लुशियसला खोकल्याची उबळ आली. व्हर्नेल पुढे झाली. "इथे गुलाम राहायचे. कडी त्यांच्यासाठीच होती," ती म्हणाली, आणि मंडळी तिच्यामागून आत गेली. कॉर्डेलिया अंगणात उरली, हातमोज्याचं बटण लावत आणि काढत.

काम गेलं. व्हर्नेलने तरी दया केली. बागेत खुर्ची टाकून दिली, झाडांची नावं सांगायला. पण कॅमेलियाचं नाव ऐकायला ओहायोहून कोण येतो? पाहुणे तिच्यापाशी थांबत ते एकच विचारायला, "आजी, संडास कुठे?"

आणि मिस कॉर्डेलिया मेझिक, डेव्हेरोंची पणती, संडासाचं नाव न घेता मान ताठ करून सांगे, "पावडर लावायची खोली त्या भिंतीमागे आहे."

पहिल्याच मंगळवारी एक गृहस्थ "पावडर नकोय हो बाई" म्हणत, पोट धरून, फाटकाबाहेर पळत सुटला.