शेवंतीच्या हॉटेलातली पेटी

सर्जेकोटच्या बंदरावर शेवंती कुबलचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे माडाच्या झापांचा मांडव, दोन बाकं, चूल आणि कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली खेळाची पेटी.

तिचा नवरा भिकाजी मुंबईला परदेशी खलाशांच्या एका क्लबात कामाला होता. क्लब बंद पडला तेव्हा नोकरांनी सामान वाटून घेतलं. कुणी आरसे नेले, कुणी खुर्च्या. भिकाजीने पेटी मागितली आणि एकोणीसशे चौपन्न साली बोटीतून मालवणला उतरवली. चार पायांची, वर काच, आत उतरती फळी. दट्ट्या ओढून सोडला की पोलादी गोळी वर उसळायची आणि पितळी खिळ्यांवर आपटत खाली यायची. विजेचं काही काम नव्हतं. अशा पेट्या मुंबईत आणखीही होत्या म्हणे, पण हिची घडण निराळी. फळीवर परमुलखातलं बंदर रंगवलेलं, आणि मधोमध, जिथे पाणी असायला हवं तिथे, गोल काच. काचेखाली दुसरी फळी, गडद निळी, उलट्या उताराची. वरच्या फळीतल्या भोकात पडलेली गोळी त्या निळ्यावर उतरायची आणि खेळणाऱ्याकडे येण्याऐवजी त्याच्यापासून दूर जात काळोखात दिसेनाशी व्हायची. बाजूचा दांडा ओढल्याशिवाय ती परत येत नसे.

शेवंतीला ती खालची फळी बघवत नसे. भिकाजी हसायचा.

मुंबई सोडल्यापासून तो गावीच मासेमारी करायचा. अठ्ठावन्नच्या पौषात तो एका सकाळी एकटाच जाळं बघायला होडी घेऊन गेला. समुद्र तेलासारखा निवांत होता. दुपारी शेवंती कप विसळत असताना कापडाखालून गोळ्या घरंगळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ घंटेचा एक ठोका. तिने कापड काढलं. वरच्या पन्हळीत ठेवलेली एकही गोळी जागेवर नव्हती. सगळ्या खालच्या निळ्या फळीवरून काळोखात गेल्या होत्या. पेटीला घंटा आहे हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

होडी कुणकेश्वरच्या वाळूत मिळाली. आत पाण्याचा थेंब नाही, जाळं नीट गुंडाळलेलं. भिकाजी मिळाला नाही.

दिराने पेटी खाडीत टाकायला सांगितली. शेवंतीने ऐकलं नाही. नवऱ्याने हौसेने आणलेली तेवढी एकच वस्तू घरात होती. पुढच्या वर्षी घंटा पुन्हा वाजली आणि दुसऱ्या दिवशी देवबागच्या एका होडीचं फुटकं वल्हं किनाऱ्याला लागलं. तेव्हापासून बंदरावरच्या बायका हॉटेलात येऊन हळूच विचारायच्या, “आज वाजली काय गो?” नाही म्हटलं की निघून जायच्या. तिच्या हातचा चहा घ्यायच्या, पण तिच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. चुलीशी बसल्या बसल्या शेवंतीचे कान सतत त्या कोपऱ्याकडे असायचे.

एकसष्टच्या फाल्गुनात रामचंद्र तांडेलाची बायको गंगू मासळी विकून येऊन बाकावर टेकली होती. तेवढ्यात गोळी घरंगळली आणि ठोका पडला. दोघींनीही ऐकला.  टोपली तिथेच टाकून गंगू पुळणीवर जाऊन उभी राहिली. शेवंतीही चूल तशीच ठेवून तिच्यामागे गेली.

ऊन कलायच्या आत रामचंद्राची होडी आली. सगळे धड होते, पण जाळी कोरडी होती. होडी वर ओढून होते न होते तोच नैऋत्येकडून वावटळ उठली आणि समुद्र पार पांढरा झाला.

रामचंद्र थेट शेवंतीसमोर आला. “वयनी, वारो नाय, लाट नाय, आणि पाण्याखालसून घंटा वाजली. होडयेच्या तळाक कान लावून ऐकलंय मी. म्हणान परत इलंव.”

गंगू रडत होती. आजूबाजूच्या लोकांनी हात जोडले. घंटा मरण सांगत नाही, माघारी बोलावते, असं कुणी तरी म्हणालं आणि साऱ्यांना ते पटलं. शेवंती मात्र पांढरी पडली.

“मगे तेणांय ऐकल्यान आसतला,” ती नवऱ्याबद्दल म्हणाली. “तरी तो कित्याक इलो नाय?”

 तिने हॉटेल कित्येक दिवस उघडलं नाही.

पुढे सहासष्ट साली मुंबईचे एक गृहस्थ मालवणला पाहुणे आले होते. त्यांना जुन्या खेळांचा नाद होता. पेटीबद्दल ऐकून ते आले. उलट्या उताराची फळी त्यांनी आजवर कुठे बघितली नव्हती. शेवंतीच्या परवानगीने त्यांनी मागचं झाकण उघडून आत बराच वेळ पाहिलं. अशी दुसरी पेटी देशात नसेल, म्हणाल तेवढे पैसे देतो, असं ते म्हणाले. शेवंतीने आधी घंटेचं विचारलं.

“घंटा?” ते म्हणाले. “बाई, हिच्यात घंटा नाही. बसवायला जागाही ठेवलेली नाही.”

शेवंतीने मान हलवली. ती दचकली नाही. पेटी विकायची नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. जाताना त्यांनी कारण विचारलं.

“माणसां दर्यात आसत,” ती म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.