भुईचाफ्याचा अख्खा गड्डा

उमरेडहून मी निघालो तेव्हा माघ होता आणि परसातला भुईचाफा जमिनीखाली झोपलेला होता. तुमच्यापैकी ज्यांनी तो माझ्याकडून नेला त्यांना त्याची रीत ठाऊक आहे. हिवाळ्यात पानं वाळून जातात, वर काहीच उरत नाही, आणि चैत्रात उघड्या मातीतून, पानांच्याही आधी, थेट फूल येतं. मधले महिने तिथे काही आहे की नाही हे वरून कळत नाही. माझी चूक त्या महिन्यांतली आहे.

नागपुरात मला कारकुनाची नोकरी लागली होती. वडील विणकर. तरुणपणी त्यांनी रानातून एकच कंद आणला होता आणि आंब्याच्या सावलीत, पालापाचोळ्यात तो वाढवला होता. मी तो मागितला तेव्हा म्हणाले, "ने ना गा. पण अर्धा. अर्धा जाग्यावर ठेवजो, मंग कोणाचंच घर खाली होत नाही."

सकाळी खुरपीनं गड्डा उकरला. तो सगळा एकसंध हातात आला. तोडायला हवा होता, तोडला नाही. वाटलं, भाड्याच्या खोलीत, तेलाच्या डब्यात अर्धा जगेल न जगेल. अख्खा नेतो, पुढच्या वर्षी अर्धा परत आणतो. खड्डा बुजवला आणि वर पाला पसरला. बसस्टँडपर्यंत पिशवी वडिलांच्याच हातात होती. "जड लागून राहिली," ते म्हणाले. "सुमननं चिवडा जास्त भरला वाटते." सुमन म्हणजे माझी धाकटी बहीण.

चैत्रात माझ्या डब्यात पाच फुलं आली. वैशाखात रजेवर घरी गेलो तर वडील आंब्याखाली उकिडवे बसून मोकळी माती बोटानं उकरत होते. "सडवला वं तू," ते सुमनला म्हणाले. "हिवाळ्यात पाणी नको टाकू म्हणून किती सांगितलं."

"एकच डाव टाकलं होतं, बाबा."

मी तिथेच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "माझ्यातला आणून देतो थोडा." वडील म्हणाले, "नको. हे पोरगी पुन्हा सडवते. तुह्या घरी तरी फुलला, बरं झालं."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. सुमननं मात्र त्यानंतर मातीला हात लावला नाही. तुळशीलाही पाणी दुसरं कुणी घालायचं. तिचं लग्न गावातच झालं. शेवटपर्यंत वडिलांना तिनंच पाहिलं, त्यांचं पथ्यपाणी केलं, आणि कंद तिनंच सडवला असं समजूनच वडील वारले.

पुढे नागपुरातच, मनीषनगरात घर झालं. कडुनिंबाखाली मी छोटं रान केलं: रानहळद, सोनटक्का, कळलावी, आणि मधोमध भुईचाफा. कामठीपासून हैदराबादपर्यंत लोकांनी त्याचे गड्डे नेले. कुणी बाल्कनीतल्या कुंडीत कोकोपीट घालून लावले, कुणी बंगल्याच्या मागे. प्रत्येकाला मी अर्धा दिला आणि प्रत्येकाला वडिलांचा नियम सांगितला. तो सांगताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही, हे आता जास्त टोचतं.

यंदा माघात अर्धा गड्डा फडक्यात बांधून उमरेडला गेलो. सुमन आता वडिलांच्याच घरात राहते. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली.

"म्हणजे माह्या हातानं नाही मेला," ती म्हणाली.

"नाही."

"बाबाले सांगाचं होतं गा, दादा."

मी फडकं तिच्यापुढे ठेवलं. शेंगा बाजूला सारून तिनं ते सोडून पाहिलं. "हा केवढा हाय?"

"अर्धा."

"तू त अख्खा नेला होता ना. मंग अर्धा काहून आणला?"

आवाजात राग नव्हता. दुकानदारानं कमी मापलं की बाई विचारते तसं तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखालचा उरलेला सगळा काढून मी पुन्हा उमरेडच्या बसमध्ये बसलो. आंब्याखाली खड्डा तिनंच केला. मी खुरपी घ्यायला गेलो तर म्हणाली, "तू खुर्चीवर बस. तुह्या हाताचा भरोसा नाही." आणि हसली.

चैत्रात तिचा फोन आला. "दादा, तीन आले. वास तोच हाय."

मी विचारलं, "पुढच्या माघात मला अर्धा देशील?"

"पाहू गा. आधी मले त पाहू दे."

कडुनिंबाखालची मधली जागा रिकामी दिसल्यावर तुमच्यापैकी काहींनी फोन केले, आमच्याकडचा आणून देतो म्हणालात. कृपा करून आणू नका. इतकी वर्षं कुणी गाव विचारलं की मी त्या सावलीकडे बोट दाखवायचो, जणू सगळं उमरेड मी उचलून आणलं होतं. आता तिथे नुसती माती आहे आणि मी तिला पाणी घालत नाही. गाव जिथे होतं तिथे आहे, सुमनच्या आंब्याखाली. पुढच्या माघात रिकामी पिशवी घेऊन जाईन. तिनं दिला तर अर्धा आणीन.