पिवळ्या पायांचा टिलवा

कावळ्याचे पाय पिवळे असतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. समोरच्या गच्चीवरच्या डिश अँटेनावर तो बसला होता आणि मी माझ्या नव्या स्पॉटिंग स्कोपमधून त्याच्याकडं बघत होते. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर नेहमीचा काळा कावळा. पुन्हा स्कोपला डोळा लावला तर पायांना एका बाजूनं हळदीसारखी पिवळी कड, दुसऱ्या बाजूनं जांभळी. आधी हसू आलं. मग हसू थांबलं, कारण महिन्याभरापूर्वी याच स्कोपमध्ये दिसलेल्या पिवळ्या पायांवरून मी एका भल्या माणसाला चारचौघांत गप्प बसवलं होतं.

निवृत्त झाल्यापासून मी पक्षी बघणाऱ्या एका गटाबरोबर नाथसागरावर जाते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं गटात माझा शब्द शेवटचा. हिवाळ्यातल्या मोजणीच्या दिवशी चिखलात चिमणीएवढे टिलवे चरत होते. साध्या टिलव्याचे पाय काळे असतात. त्यातल्या एकाचे मला पिवळे दिसले. पिवळ्या पायांचा, लांब बोटांचा टिलवा आमच्याकडं सहसा येत नाही, म्हणजे नोंद मोठी. तिपाईवर उभा करायचा, साठपट मोठं दाखवणारा स्कोप एकट्या माझ्याकडं. सगळ्यांनी पाळीपाळीनं डोळा लावला आणि 'वा मॅडम' म्हटलं. एका चाचांनी तेवढं आपल्या जुन्या दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, मला तर काळेच दिसायलेत."

चाचा छावणीत घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना मी म्हणाले, "चाचा, आता डोळे तपासून घ्या. वय झालं तुमचं." सगळे हसले. पुढच्या मोजणीला मी त्यांना मोजायला न देता नाश्त्याचं बघायला सांगितलं. ते आलेच नाहीत, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तर कावळ्यानं घोळ केल्यावर मी स्कोप तपासायला घेतला. पहिल्या दिवशी भर दुपारी बसले आणि सगळंच थरथरताना दिसलं. पत्र्यांवरून गरम हवा वर येत होती, त्यात कुठलीही काच नापास झाली असती. मुलांना शिकवलेलं स्वतःला आठवेना, याचाही राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवऱ्याला गल्लीपलीकडच्या गच्चीवर उभं केलं. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. झूम कमी असताना छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता आल्या. झूम वाढवत गेले तशी अक्षरं फुगली, आणि साठावर तर सगळ्याचं पिठलं झालं.

मग वाळूजच्या कारखान्यात जन्म काढलेल्या नवऱ्याच्या खणातून बेअरिंगची एक गोळी काढली. काळ्या कापडावर ती उन्हात ठेवली की तिच्यावर सूर्याचा एक ठिपका चमकतो. फोकस जरा पुढं आणि जरा मागं केला की त्या ठिपक्याभोवती दोन्हीकडं सारखीच गोल वर्तुळं दिसायला हवीत. माझ्या स्कोपमध्ये एकीकडं वर्तुळं होती आणि दुसरीकडं नुसतं केसाळ, वाकडं काहीतरी. बघताना शिसारी आली. नळीवर सोनेरी अक्षरांत खास काचेची बढाई छापलेली, आणि आत हे.

पण मला खरं तर एवढंच हवं होतं की पाय पिवळेच असावेत. म्हणून शेवटी बटाटा घेतला. त्याला केसांचे दोन काळे आकडे पाय म्हणून टोचले आणि नवऱ्याला तो पलीकडच्या गच्चीवर पाण्यानं भरलेल्या परातीत, उन्हाच्या तोंडाला उभा करायला लावला. स्कोपमधून बघितलं. बटाट्याचे पाय पिवळे. स्कोपच्या गोलात मधोमध असला की जरा कमी, कडेला गेला की जास्त. आकडा इतका बारीक की त्याची कड म्हणजेच पाय. मग माझी जुनी, कपाटात टाकलेली दुर्बीण आणली. तिच्यातून पाय काळे.

नवरा पलीकडून म्हणाला, "काय झालं गं? लई दुर्मिळ बटाटा घावला का?" मी हसले नाही. "ऊन चढायलंय, उतरू का आता?" मी हातानंच ये म्हटलं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, मॅडम, झूम कमीच ठेवायचा असतो. मग साठाचा आकडा काय नजर लागू नये म्हणून लिहिलाय? गटावर लिहिलं की माझी नोंद चुकीची होती, मी ती मागं घेते. त्यावर हात जोडलेली चित्रं आली, 'मॅडम, तुमचा मोठेपणा' असे निरोप आले. कसला मोठेपणा? चाचांचं नावही कुणी काढलं नाही. त्या गोड बोलण्याची मला स्कोपपेक्षा जास्त किळस आली, आणि ते वाचायला आपण पुन्हा पुन्हा फोन उघडतोय हे लक्षात आल्यावर स्वतःची.

दुपारी छावणीत गेले. चाचा दुकानात एक भिंतीवरचं मोठं घड्याळ उघडून बसले होते. कावळा, गोळी, बटाटा, सगळं सांगितलं. मी म्हणाले, "चाचा, तुमचं बरोबर होतं. पाय काळेच होते. माझं चुकलं."

बटाट्याला ते मनापासून हसले. चहा सांगितला. मग म्हणाले, "सच बोलू का मॅडम? मी बी मानून घेतलं होतं. तुम्ही सायन्सच्या. म्हटलं, नजर गेली असंल. तवापासून लेडीज घड्याळ हातात घेतलं नाय. हात भ्यायलाय. कुणाची चीज खराब झाली तर?"

मी म्हणाले, "तुमची नजर शाबूत आहे. मी तपासून बघितलंय."

"व्हय व्हय," चाचा म्हणाले, समजूत काढावी तसं.

चहा येईतो एक बाई आली. आईचं जुनं, नखाएवढं घड्याळ रुमालात बांधून आणलं होतं. चाचांनी ते हातात न घेताच बघितलं आणि हसून म्हणाले, "बेटी, बारीक काम इथं होत नाय आता. समोर जा."

मी म्हणाले, "होतं. इथंच होतं." बाईनं माझ्याकडं बघितलं, मग चाचांकडं. चाचा मोठ्या घड्याळाचा स्क्रू फिरवत होते. ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली.