भोपळ्याला पहिली सुरी

विमानतळावरून घरी जाताना मी जावयांच्या मोटारीत पुढे बसले होते, आणि वाटेतली घरं बघून मी चक्रावलेच. कुणाच्या झाडाला हाडांचा सापळा टांगलेला, कुणाच्या दारात झाडूवर बसलेली कापडी चेटकीण, कुठे खिडकीभर कागदी वटवाघळं.

"अहो प्रकाश, हे काय हो? गावात काही साथबिथ आली आहे का?"

"हॅलोवीन आहे आई, महिनाअखेरीला," प्रकाश म्हणाले. "आम्ही करत नाही ते." एवढं बोलून ते गप्प झाले.

आता माझं नवल जरा समजून घ्या. मी नगरची. मिशनच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून पंच्याऐंशी साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी लेकीनं मला अमेरिकेला बोलावलं. माझ्या पणजोबांना ख्रिस्ती केलं ती गोरी माणसं याच देशातून बोटीनं आली होती. लहानपणी आमच्या मिससाहेब (शाळा चालवणाऱ्या अविवाहित मिशनरी बाईंना आम्ही असंच म्हणायचो) आम्हाला ओळीत उभं करून विचारायच्या, "भूत आहे का?" आणि आम्ही घसा फोडून ओरडायचो, "नाही!" ज्या देशानं आम्हाला भुतांना घाबरू नका म्हणून शिकवलं, त्या देशात घरोघरी भुतं टांगलेली! मिससाहेबांनी याबद्दल कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

लेक राहते ते नोव्हाय, डेट्रॉइटजवळचं गाव. प्रकाश तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आणि माझी सुनीता इस्पितळात नर्स. नात रूथ सात वर्षांची, वरचा पुढचा दात नुकताच पडलेला. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. शाळा सुटल्यापासून सुनीता ड्यूटीवरून येईपर्यंत ती शेजारच्या डोराबाईंकडे असायची.

"पाळणाघर नाही गं आई ते," सुनीता म्हणाली. "आजीच आहे ती तिची."

मला जरा लागलंच. आजी म्हणून एवढा समुद्र ओलांडून मी आले होते ना!

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. खिडकीतून पाहते तर डोराबाईंच्या मेपलच्या झाडाला एक पांढरी चादर लोंबत होती. शेजारधर्म म्हणून मी गेले, चादर ओढून काढली, झटकली, तिच्या चार घड्या घातल्या आणि त्यांची घंटी वाजवली. दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, ताठ बाईंनी.

"पाऊस येतोय," मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हटलं. "हे तुमचं धुणं."

त्यांनी चादर उलगडली. तिच्यावर काळ्या रंगानं दोन मोठे डोळे काढलेले होते.

"हे माझं भूत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. दाराची चौकट धरून हसल्या. "इतक्या वर्षांत माझ्या भुताला कुणी घडी घातली नव्हती," असं म्हणत त्यांनी मला आत नेलं, चहा दिला. दुधाचा थेंब नसलेला तो चहा मी कसाबसा घशाखाली उतरवला. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. आपल्या नातीला दोन आज्या असल्या तर आपलं काय बिघडतं, असं मी मनाला समजावलं.

शनिवारी डोराबाई मला आणि रूथला गावाबाहेरच्या एका वाडीवर घेऊन गेल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं लालपिवळी झालेली, थंडी नाकाला झोंबणारी. वाडीवर सायडर (ताज्या सफरचंदांचा गढूळ रस) आणि त्याबरोबर कढईतून काढलेले गरम डोनट. ते मी तीन खाल्ले, आता लपवून काय करू? मग भोपळ्यांचं शेत. वेल वाळून गेलेले आणि जमिनीवर जिकडे तिकडे केशरी भोपळे. रूथनं एक निवडला. तिला तो उचलेना, पण सोडवेनाही. डोराबाईंनी तो तिला घेऊन दिला.

"हे सैतानाचं काम तर नाही ना?" मी हळूच विचारलं. प्रकाशचा तो गप्प झालेला चेहरा माझ्या डोक्यात होता.

"आमच्या चर्चच्या तळघरात दर वर्षी मुलांचे कोरलेले भोपळे मांडतात," त्या म्हणाल्या. "सैतान शेती करतो असं मी तरी कुठे वाचलं नाही."

परतताना त्यांनी वॉल्टरची गोष्ट सांगितली. वॉल्टर म्हणजे त्यांचे यजमान. दर हॅलोवीनला भोपळ्याला पहिली सुरी ते लावायचे, आतला गर डोराबाई काढायच्या. मग वॉल्टर त्यावर चेहरा कोरायचे आणि गल्लीतल्या ज्या पोराचा दात त्या वर्षी पडला असेल, भोपळ्याचाही नेमका तोच दात पाडायचे. पोरं आपला दात शोधत यायची.

"ते गेल्याला दोन वर्षं झाली. चादर टांगायला मला जमतं," डोराबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सुरी हातात धरवत नाही."

मागच्या सीटवर रूथ जिभेनं आपली फट चाचपत होती. "मिस डोरा, धिस इयर इट्स माय टूथ, राइट?"

"बघू या," डोराबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

रविवारी आम्ही प्रकाशच्या चर्चला गेलो. ते एका शाळेच्या व्यायामशाळेत भरतं. पाळक तरुण, गिटार वाजवणारे, मनानं चांगले. त्यांनी उपदेशात सांगितलं की हॅलोवीन हा अंधाराचा सण आहे, विश्वासणाऱ्यांनी त्या दिवशी भोपळ्यांवर चेहरे कोरू नयेत, दारातले दिवे मालवून मुलांना चर्चमधल्या सुगीच्या जेवणाला आणावं. काही माना डोलल्या. प्रकाशची मान सगळ्यात जास्त डोलली. मी त्यांना दोष देत नाही. ते या देशात विद्यार्थी म्हणून एकटे आले, पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं पडले, तेव्हा याच मंडळीतल्या एका कुटुंबानं त्यांना महिनाभर घरी ठेवून घेतलं होतं. जिवाला जीव देणाऱ्यांचा शब्द माणूस कसा मोडेल?

घरी आल्यावर त्यांनी भोपळा गॅरेजमध्ये नेऊन गोणपाटाखाली ठेवला.

"व्हाय, डॅडी?"

"डोळे कोरलेला भोपळा म्हणजे सैतानाला आवतण, बाळा."

झालं! सोमवारी शाळेतून आल्या आल्या, माझ्यादेखत, रूथनं डोराबाईंना सांगून टाकलं, "माय डॅड सेज युअर पम्पकिन इज द डेव्हिल्स." डोराबाईंनी तिच्यापुढे दूध ठेवलं, बिस्किटं ठेवली. मंगळवारी त्यांचा सुनीताला फोन आला. रूथला यापुढे माझ्याकडे न पाठवलेलं बरं, पोरीच्या मनात माझी भीती नको, असं म्हणाल्या.

सुनीता फोन ठेवून ओट्याशी रडत उभी राहिली. प्रकाश म्हणाले, "मी त्यांच्याबद्दल असं म्हटलं नव्हतं." खरंच होतं ते. पण जाऊन सांगायला त्यांचे पाय उचलेनात. आणि रूथ दुपारभर खिडकीला नाक लावून पलीकडच्या घराकडे बघत राहायची.

"आजी," तिनं बुधवारी विचारलं, "इज मिस डोरा बॅड?"

मी तिला जवळ ओढून घेतलं. तीन आठवड्यांनी मी विमानात बसणार होते. या पोरीला रोजची आजी ती एकच होती, आणि तीच जात होती. एका भोपळ्यापायी!

गुरुवारी संध्याकाळी मी गॅरेजमध्ये गेले, गोणपाट बाजूला केलं आणि भोपळा उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून आदळला.

"प्रकाश, घारगे करते. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला गूळ आहे ना शिल्लक? खायला तर तुमची बंदी नाही?"

"छे हो आई, करा की."

"मग या, सुरी लावा."

"मी?"

"अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नसते. पुरुषानं लावायची, मग बाईनं चिरायचा."

प्रकाश मोठ्यांदा हसले. आठवड्यात पहिल्यांदाच. "आई, चार पिढ्यांचे ख्रिस्ती आपण! हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही. मला आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. धर्म बदलला, भोपळा तोच राहिला. तुम्हाला डोळ्यांच्या भोपळ्याची भीती, मला अख्ख्या भोपळ्याची. आता यात शहाणं कोण, ते तुम्हीच सांगा."

सुनीतानं पदराआड हसू लपवलं. मग मात्र मला राहवलं नाही, आणि जे कधी लेकीलाही बोलले नव्हते ते बोलून गेले.

"रूथचे आजोबा प्रभुवासी झाल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी बाजारातून भोपळ्याची फोडच आणते. अख्खा आणून सुरी कुणाकडून लावून घेऊ? ते दर वेळी सुरी लावायचे आणि म्हणायचे, 'घ्या बाईसाहेब, किल्ला सर!' मी दर वेळी चिडायची. आता वाटतं, कशाला चिडले? प्रकाश, डोराबाईंचंही हेच आहे हो. त्या कुणा सैतानाला बोलावत नाहीत. नवऱ्याची आठवण काढतात."

प्रकाशनी उठून जॅकेट चढवलं आणि भोपळा कवेत उचलला.

"आपल्या पोर्चवर (घरापुढचा ओटा) तो मी ठेवणार नाही, आई. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही."

"नका ठेवू. मी कुठे म्हणते?"

"पण चला. रूथ, कोट घाल."

डोराबाईंनी दार उघडलं तेव्हा प्रकाशचे दोन्ही हात भोपळ्यात अडकलेले, त्यामुळे त्यांनी तसंच अवघडून मान खाली घातली. "माझं बोलणं लेकराच्या तोंडून तुमच्यापर्यंत आलं," ते इंग्रजीत म्हणाले. "मी स्वतः यायला हवं होतं. मला माफ करा. पहिली सुरी लावायला आलोय."

डोराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वॉल्टरची सुरी खालच्या खणात आहे," त्या म्हणाल्या, आणि बाजूला होऊन त्यांनी आम्हाला आत घेतलं.

प्रकाशनी देठाभोवती सुरी फिरवून झाकण काढलं आणि सुरी डोराबाईंच्या हाती दिली. मी शेजारी बसून डावानं गर काढू लागले. आतला गर धाग्याधाग्याचा, पाणचट, आपल्या भोपळ्याची सर नाही त्याला. रूथ टेबलावर चढून ओठ वर करून आपली फट दाखवत होती आणि डोराबाई तिच्याकडे बघून एकेक दात कोरत होत्या. डोळे कोरायच्या वेळी प्रकाश आमच्याकडे पाठ करून नळाखाली बिया धूत उभे राहिले. ज्याचं त्याचं मन असतं.

घारग्यांना गूळ दुप्पट लागला. अर्धे डोराबाईंकडे गेले, अर्धे चर्चच्या सुगीच्या जेवणाला. तिथे त्या पाळकांनी चार खाल्ले आणि कशाचे म्हणून विचारलं. "भोपळ्याचे," मी म्हटलं. पुढचं सांगितलं नाही.

त्या जेवणाहून आम्ही लवकर परतलो. हॅलोवीनची संध्याकाळ, वारा सुटलेला. आमच्या ओट्यावर अंधार आणि डोराबाईंच्या पायरीवर तो फटीचा भोपळा पेटलेला. रूथ आणि डोराबाई तिथे बसून येणाऱ्या पोरांना गोळ्या वाटत होत्या. "दॅट्स माय टूथ!" रूथ प्रत्येकाला सांगत होती. वाऱ्यानं मेणबत्ती पुन्हा पुन्हा विझायची. तिसऱ्यांदा विझली तेव्हा प्रकाश आमच्या अंधारातून निमूटपणे अंगण ओलांडून गेले, आपली टॉर्च पेटवून भोपळ्यात ठेवली, आणि परत आले.

निघायच्या दिवशी डोराबाईंनी मला मिठी मारली. "पुढच्या वर्षी सुरी मीच लावणार. आणि तुम्ही?"

"बघू," मी म्हटलं. आपल्याकडे नाही म्हणायची तीच रीत.

नगरला आले त्याच आठवड्यात बाजारात गेले. भाजीवाला मला ओळखतो, त्यानं सवयीनं सुरी उचलली. "कुठली फोड देऊ, बाई?"

"अख्खा दे."

"सुरी लावून देऊ ना?"

"नको, राहू दे."

घरी आल्यावर भोपळा समोर ठेवून मी किती तरी वेळ नुसती बसून राहिले. अमेरिकेत काय पाहिलंत, म्हणून सगळे विचारतात. मी त्यांना उंच इमारती सांगते, रस्ते सांगते. खरं पाहिलं ते एवढंच, की तिकडेही एक बाई अख्ख्या भोपळ्यासमोर अशीच बसून होती. सैतानानं तिला भिववलं नव्हतं आणि मलाही रीतीनं अडवलं नव्हतं. सुरी आपण लावली की ते खरोखर गेले असं होतं, आम्हा दोघींना तेवढंच नको होतं.

पहिल्यांदा सुरी साल धरेना, घसरली. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबली आणि कचकन आत गेली. भोपळा दोन फाकांत उघडला, आतून पिवळाधमक.

"अहो, किल्ला सर!" मी रिकाम्या घरात मोठ्यांदा म्हटलं, आणि पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडले.